नको म्हणणारं भूत

मी आयुष्यात एकदाच भूत झाले, तेही रविवारी सकाळी, आरे कॉलनीत, म्हशींच्या देखत. अंगावर मोरपिशी सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर अबोलीची वेणी, आणि तोंडाला पावडरीचा कणसुद्धा नाही. भूत म्हटलं की पांढरी साडी, मोकळे केस आणि हातात मेणबत्ती, एवढं मला हिंदी सिनेमांनी शिकवलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर आमचे डायरेक्टर माझ्यावर असे खेकसले की पलीकडे गवत कापणाऱ्या बायका विळे थांबवून बघायला लागल्या.

"पांढरी कित्याक? माझी बायको सावळी होती. मेली म्हणून गोरी होईल काय?"

डायरेक्टर हे त्यांचं ऑफिसातलं नाव. भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात ते डिस्पॅचला हेडक्लार्क होते आणि मी टायपिस्ट. कारखान्याच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी नाटक बसवायचे, म्हणून डायरेक्टर. कंपनीचे खरे डायरेक्टर वरच्या मजल्यावर एसीत बसत. त्यांना आम्ही नुसतं 'वरचे' म्हणायचो. डायरेक्टर म्हटलं की शिपायापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस यायचा. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या, आणि हातातली चलनं फडफडवत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारणारा.

बायको गेल्यापासून ते बसत नसत. म्हणजे अक्षरशः नाही. डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्याने खायचे, चहा फिरता फिरता प्यायचे, सही करायची तर टेबलावर वाकून. नवीन आलेल्या साहेबाला वाटलं हा माणूस आपल्याला मान देतोय. तो रोज "बसा, बसा" म्हणायचा आणि हे रोज "नको, बरं आहे" म्हणायचे. मला राहवेना. एकदा मी चिडूनच विचारलं, अहो, खुर्चीला काय ढेकूण झालेत का?

"बसलं की आठवतं गो," ते म्हणाले, आणि चालायला लागले.

त्यांच्या मागे मागे फिरून त्यांच्याशी बोलायचं, अशी ऑफिसात सगळ्यांना सवय झाली होती. मला त्याचा कंटाळा यायचा, आणि तरी मी जायचे. कारण त्यांच्याकडे सांगायला भुतं असायची.

कारखान्याच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये एक व्हिडिओ पार्लर होतं. बाकडी, एक रंगीत टीव्ही, खिडक्यांना काळा कागद. शनिवारी हाफ डे झाला की आम्ही चार-पाच जण कधीमधी तिथे घुसायचो. एकदा डायरेक्टर बरोबर होते आणि सिनेमा भुताचा होता. पडद्यावर एक बंगला, दारात मेलेली बायको उभी. नवऱ्याने तिला पाहिलं, बोंब ठोकली आणि धावत जाऊन दाराला कडी घातली. पब्लिकने शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात आमच्या बाकाशेजारी भिंतीला टेकून उभे असलेले डायरेक्टर थेट टीव्हीपुढे गेले.

"अरे मेल्या, आलीय ना ती घरी! दार कशाला लावतोस?"

"ए काका, बैठो ना!" मागून कुणीतरी ओरडलं.

"माझं सोड. आधी त्याला दार उघडायला सांग."

शेवटी पार्लरवाल्याने कॅसेट थांबवली आणि हात जोडून आम्हाला बाहेर काढलं. माझी तर लाजेने वाट लागली होती. बाहेर उन्हात येऊन बघते तर डायरेक्टर रडत होते. लपवून नाही, रुमाल काढून, रस्त्यात उभं राहून. "इतकं मोठं नशीब," ते म्हणाले, "आणि हा गाढव कडी घालतो." लोक भुताचे सिनेमे घाबरायला बघतात. हा माणूस हेव्याने बघायचा.

हिंदी भुतांनी त्यांचं समाधान होईना, तेव्हा ते परदेशी भुतांकडे वळले. मुलुंडला त्यांच्या घराजवळ एक व्हिडिओ लायब्ररी होती. कुठकुठल्या देशांतले, अनोळखी भाषांतले भयपट तिथे धूळ खात पडलेले असत. लायब्ररीवाला त्या कॅसेटी खास यांच्यासाठी बाजूला ठेवायचा, कारण दुसरं कुणी त्यांना हात लावत नसे. सोमवारी कँटीनमध्ये डायरेक्टर आम्हाला गोष्ट सांगायचे. भाषेचं ओ की ठो कळत नसताना हा माणूस गोष्ट कुठून आणतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"एका माणसाचा भाऊ बुडून मरतो," ते सांगायचे. "मग घरातले सगळे नळ भावाच्या आवाजात बोलायला लागतात. हा माणूस काय करतो? प्लंबर बोलावतो."

"मग?"

"प्लंबर नळ सोडून बघतो. म्हणतो, पाणी येतंय की, तक्रार काय आहे तुमची?"

आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. दुसऱ्या एका सिनेमात म्हणे एक बाई कपाट उघडते, तर आत तिच्या मेलेल्या मुलाची खोली. रोज उघडते तेव्हा ती खोली आदल्या दिवसापेक्षा मोठी. बाई घरातलं सामान एकेक करून आत नेऊन ठेवते. शेवटी बाहेरचं घर रिकामं होतं आणि बाई कपाटात राहायला जाते.

"आणि भूत कुठे आहे यात?" मी विचारलं.

"भूत दाखवलं पाहिजे असं कुठेय?" ते माझ्यावरच उखडले. "तू अजून लहान आहेस. घरातलं माणूस गेलं की असंच होतं सगळं. चमचा सापडत नाही, घरभर शोधतो, आणि सापडतो तेव्हा आपल्याच शर्टाच्या खिशात. कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि गॅसवर कुकरच नसतो. हे काय आपल्या सामाजिक नाटकात दाखवता येतं? तिथे बायको मेली की नवरा फोटोपुढे उभा राहून स्वगत म्हणतो. मीच बसवलीत असली नाटकं. खोटी आहेत ती. त्याला हेच पाहिजे, कपाटातली खोली."

तेव्हा मला वाटलं की माणूस थोडा सरकलाय. आज माझ्या घरातलीही दोन माणसं गेलेली आहेत, आणि मला वाटतं की त्या कँटीनमध्ये शोकाबद्दल शहाणपणाचं बोलणारे ते एकटेच होते.

ते सरकले कशाने, हे मात्र मला त्यांनी स्वतःच सांगितलं, डबा खाता खाता, खिडकीशी उभं राहून. बायको गेली तापाने, चार दिवसांत. ते सोसलं. दहाव्याला घाटावर गेले. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा पिंडाला शिवत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मग घरातल्यांनी एकेकाने पुढे व्हायचं आणि वचन द्यायचं. डायरेक्टर पुढे झाले. तंबाखू सोडतो, म्हणाले. कावळे झाडावर बसून होते. तुला हवा होता तो मिक्सर घेतो. गावच्या घराची कौलं बदलतो. देवीची ओटी भरतो. दुसरं लग्न करणार नाही. कपड्यांना नवीन कपाट घेतो. एकही कावळा हलला नाही. मग त्यांच्या मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, त्यांना कोपराने ढोसलं. "भावजी, पोरीचं बोला. बाईचा जीव पोरीत अडकतो." डायरेक्टरांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की वर्षाच्या आत बेबीचं लग्न लावून देतो.

"तरी नाही," ते म्हणाले. "उलट होते ते दोन उडून गेले. ऊन वर आलं. भटजींना पुढचं काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि लावला पिंडाला. गवताचा कावळा! अगो, मी आयुष्यभर पुठ्ठ्याच्या तलवारी आणि कापसाच्या दाढ्या खपवल्या. नाटकात चालतं ते. घाटावर चालतं काय?"

डब्यातली भाकरी त्यांनी तशीच ठेवली. "मी तिला शेवटी विचारलं पण गो. तुका काय होया ता सांग. एकदा सांग. काय राहिलं असेल तिचं?"

मी काय सांगणार? मी त्या बाईंना एकदा हळदीकुंकवाला पाहिलेलं.

बेबी ही त्यांची एकुलती एक मुलगी. मुलुंडलाच शाळेत शिकवायची, माझ्याच वयाची. तिच्या त्या मामांनी घाटकोपरहून स्थळ आणलं होतं. मुलगा बँकेत, माणसं चांगली. वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर मग तीन वर्षं थांबायचं, हा रिवाज एकीकडे, आणि घाटावरचं वचन दुसरीकडे. मामा दर आठवड्याला येऊन सांगायचे की ताई अधांतरी लटकलीय, आणि तिला सोडवणं तुमच्या हातात आहे. बेबी म्हणायची, मला आत्ता नको. मुलाला नाव ठेवत नव्हती, नुसतं आत्ता नको. डायरेक्टर दोघांच्या मधे. पोरीवर जबरदस्ती करायची तर काळीज तयार नाही, आणि नाही करायची तर बायको कुठेतरी झाडावर ताटकळत बसलीय. या एकाच गोष्टीने तो माणूस दिवसभर फेऱ्या मारत होता.

आणि मग एका सोमवारी त्यांनी जाहीर केलं की आपण स्वतः भुताचा सिनेमा काढणार.

आमच्या नाटकाच्या ग्रुपला असल्या गोष्टी जमवायला वेळ लागत नसे. स्टोअर्समधल्या दोघांनी टेम्पो आणला. कॅमेऱ्यासाठी घाटकोपरचा एक व्हिडिओवाला पकडला, लग्नाची शूटिंग करणारा. आणि भूत म्हणून मला उभं केलं, कारण मागून मी त्यांच्या बायकोसारखी दिसते असं त्यांचं मत. हे ऐकून आधी मला राग आला आणि मग नाही म्हणवेना.

सिनेमाची गोष्ट अशी होती. बायको मेलीय. रानात एका झाडाखाली बसलीय. घरचे लोक एकेक करून येतात आणि तिच्यापुढे काहीतरी आणून ठेवतात. ती नको म्हणते. वस्तू साठत जातात. बस.

दर रविवारी आम्ही आरे कॉलनीत तबेल्यांच्या मागे एका मोठ्या झाडाखाली ते सामान उतरवायचो. मिक्सर. मंगलोरी कौलांची चळत. खण-नारळाची परडी. तंबाखूची चंची. एक नवंकोरं लोखंडी कपाट, त्याला आरसा, आणि आरशात म्हशी. माझ्या डोळ्यांपुढे अजून ते कपाट आहे, गवतात एकटं उभं. घरात ज्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं, त्याच्याकडे तिथे शॉट नसतानाही माझी नजर जायची. एक दिवस रखवालदार आला आणि काय चाललंय विचारायला लागला. डायरेक्टर त्याला गंभीरपणे म्हणाले, हळदीकुंकू आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि आल्या वाटेने निघून गेला.

मला काम एकच. "समोरच्या वस्तूकडे बघायचं आणि मान हलवायची. राग नाही, रडू नाही. भाजीवालीला नको म्हणतात ना, तसं."

"पण मग भुताला हवंय तरी काय?" मी विचारलं.

"ते कळलं असतं तर सिनेमा कशाला काढला असता?"

व्हिडिओवाल्याचं वेगळंच दुखणं. त्याच्या हाताला लग्नाचं वळण. कॅमेरा चालू केला की तो पायाच्या अंगठ्यापासून वर सरकत सरकत चेहऱ्यापर्यंत यायचा, तिथून थेट नारळावर जायचा. मला तो दुल्हन म्हणायचा. "दुल्हन को बोलो थोडा स्माईल दे." डायरेक्टर कपाळावर हात मारायचे. "बाबा रे, ती मेलेली आहे." "हां, तो थोडा कम स्माईल." माझ्या चेहऱ्याभोवती बदाम टाकून देतो, असंही त्याने सुचवून पाहिलं.

तेच तेच सीन आम्ही पुन्हा पुन्हा केले. डायरेक्टरांचं समाधानच होईना. आज मिक्सर डावीकडे, पुढच्या रविवारी उजवीकडे. कधी म्हणायचे मान हळू हलव, कधी म्हणायचे तू आधी वस्तूला हात लाव, मग नको म्हण. त्यांच्या चकरांनी झाडाभोवतीचं गवत झोपून गेलं होतं. युनिटातल्या सगळ्यांना कळत होतं की हा माणूस एक सीन टाळतोय. मुलीच्या लग्नाचं वचन त्यांनी अजून शूट केलं नव्हतं. त्यासाठी कुठली वस्तू ठेवायची हेच त्यांना ठरवता येत नव्हतं. मामांचं तर पक्कं झालं होतं. दोन रविवारांनी बोलणी करायला मुलाकडचे येणार होते.

शेवटी एका रविवारी ते कागदात गुंडाळून मुंडावळ्या आणि हिरवा चुडा घेऊन आले. त्या दिवशी ते फार बोलत नव्हते. मी झाडाखाली जाऊन बसले. मामांचं काम करणारा आमचा स्टोअर्सवाला बाजूला उभा राहिला. डायरेक्टर स्वतः मुंडावळ्या हातात घेऊन पुढे आले, कारण घरच्या लोकांतला नवरा तेच करत होते. कॅमेरा सुरू झाला. आणि त्यांचे पाय अडले. माझ्या पुढ्यात ते तसेच उभे राहिले, हात पुढे करून.

तेवढ्यात मागून कुणीतरी धावत येत असल्याचा आवाज आला. बेबी होती. पवईवरून बसने आली होती, स्टॉपपासून पळत. आईची मोरपिशी साडी कपाटातून गायब आहे हे तिला त्या सकाळी कळलं होतं. सिनेमा चाललाय हे तिला माहीत होतं, बाबांना काहीतरी करू दे म्हणून ती गप्प होती. पण साडीचं तिला कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही कुणी सांगितलं नव्हतं की ती साडी त्यांची आहे. नाटकाच्या पेटीतली असेल असं मी धरून चालले होते.

ती चिडूनच आली होती. "बाबा, आईची साडी..." एवढं तिने म्हटलं आणि ती थांबली. मी तिच्याकडे पाठ करून बसले होते. तिला दिसत होती ती साडी, तो अंबाडा आणि ती अबोली. मी वळून बघणार होते, पण माझी मान वळेना. मला भीती वाटली की मी वळले तर हिची आई दुसऱ्यांदा जाईल.

बेबी चालत पुढे आली. बापाच्या हातातून तिने मुंडावळ्या घेतल्या, कागदातला चुडा घेतला, आणि माझ्यासमोर येऊन गवतात बसली. आता तिला माझा चेहरा दिसत होता. मी कोण आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. आम्ही दोघी मागे एकत्र खरेदीला गेलेल्या. तरी ती माझ्याशी बोलत नव्हती.

"मला त्या दिवशी घाटावर नेलं नाही," ती म्हणाली. "बायका येत नाहीत म्हणाले. बाबांनी तुला सगळं विचारलं. मला कुणी काही विचारू दिलं नाही. आता मी विचारते." तिने तो चुडा आणि मुंडावळ्या माझ्यापुढे धरल्या. "अजून मी तुझ्यासाठी नीट रडलेसुद्धा नाही गं. पाहुणे, डबे, शाळा, आणि आता ही हळद. तुला हे हवंय का? खरंच हवं असेल तर करते मी. उद्या करते. पण तू सांग."

व्हिडिओवाल्याने कॅमेरा खाली घेतला नाही, वर नेला नाही, पहिल्यांदाच त्याने तो स्थिर धरला होता. डायरेक्टरांच्या तोंडून कट निघाला नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत मी टायपिस्ट उरले नव्हते. मला रडू फुटत होतं आणि रडायचं नाही ही ऑर्डर होती.

मी मान हलवली. नको.

सवयीने हलली असं पुढे मी पुष्कळांना सांगितलं, कारण ते सांगायला सोपं होतं. पण सवयीने नाही. मी विचार करून, मुद्दाम, दोनदा हलवली. माझ्या घरीसुद्धा त्या वर्षी रोज एक पत्रिका येत होती. मी तिची आई नव्हते, पण तिथे तिच्या बाजूने मान हलवणारं दुसरं कुणी नव्हतं.

बेबीने चुडा कागदात ठेवला. माझ्या खांद्यावरचा पदर सुरकुतला होता तो तिने हाताने सरळ केला, उठली, आणि बस पकडायला निघून गेली. साडी मागितली नाही.

पुढच्या रविवारी दुपारी डायरेक्टरांनी सिनेमा दाखवायला सगळ्यांना मुलुंडला घरी बोलावलं. भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. आम्ही युनिटवाले चटईवर, आणि मामा-मामी सोफ्यावर. मुलाकडचे पुढच्या रविवारी यायचे होते, म्हणून मामा बोलणीचं पक्कं करायला आले होते. समोर टीव्ही बघून त्यांना वाटलं कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट आहे, नमुन्यादाखल.

सिनेमा सुरू झाला. गवतात कपाट. कपाटाच्या आरशात म्हशी. झाडाखाली पाठमोरी मोरपिशी साडी. मामींनी पदर तोंडाला लावला आणि पुटपुटत देवाचं नाव घ्यायला लागल्या. मिक्सर आला, नको. कौलं आली, नको. खण-नारळ, नको. माणसं काही बोलत नाहीत, फक्त आणून ठेवतात आणि मागे सरतात, आणि ती बाई त्या संसाराच्या ढिगात बसलीय. मी स्वतः त्यात काम केलेलं, तरी माझ्या अंगावर काटा आला. कुठे किंकाळी नाही, रक्त नाही. एक बाई सगळ्याला नको म्हणतेय आणि कुणालाच कळत नाहीये की का. व्हिडिओवाला दाराशी उभा होता, तोसुद्धा हळूच म्हणाला, "बहुत डेंजर पिक्चर है."

"भावजी, हे काय आहे?" मामा म्हणाले. "ताईचं असं सगळं चव्हाट्यावर..."

"बघा," डायरेक्टर म्हणाले. ते भिंतीला टेकून उभे होते. बेबी स्वयंपाकघराच्या दारात.

मग तो सीन आला. बेबीचा आवाज टीव्हीतून जरा चिरका येत होता, वाऱ्याची फडफड होती, पण शब्द न शब्द कळत होता. मला घाटावर नेलं नाही. आता मी विचारते. तुला हे हवंय का? आणि मोरपिशी साडीतल्या बाईने मान हलवली, दोनदा. त्यापुढे कॅसेटमध्ये काही नव्हतं. पडद्यावर मुंग्या आल्या.

मामा उठले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "अहो, ही तुमच्या ऑफिसातली टायपिस्ट आहे! ही काय समोर बसलीय चटईवर. हिने मान हलवली म्हणून आता मी मुलाकडच्यांना काय सांगू? वचन दिलंय आपण ताईला. घाटावर उभं राहून दिलंय."

मला वाटलं आता डायरेक्टर ओरडणार. पार्लरमध्ये ओरडले होते तसे. ते ओरडले नाहीत. त्यांनी आधी टीव्ही बंद केला.

"हिचं सोडा," ते म्हणाले. "हिला मी पढवलं होतं. तुमचं बरोबर आहे, घाटावरचं बोलू. तुम्ही होता तिथे, मी होतो. बेबीच्या लग्नाचं मी मोठ्याने बोललो की नाही?"

"बोललात ना. तेच तर म्हणतोय मी."

"कावळा शिवला?"

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी खाली बघत होत्या.

"इतके महिने मी विचार करतोय की आणखी काय द्यायचं राहिलं," डायरेक्टर म्हणाले. "काही राहिलं नव्हतं. सगळं दिलं होतं मी, बेबीचं लग्नसुद्धा. तिनं घेतलं नाही."

दारातून बेबी आत गेली, आणि थोड्या वेळाने तिच्या रडण्याचा आवाज यायला लागला. आधी दबका, मग मोठ्याने, मग शेजारच्यांनी दारं उघडावीत इतक्या मोठ्याने. मामी उठायला लागल्या तशी डायरेक्टरांनी हाताने त्यांना थांबवलं. आम्ही सगळे तिथेच राहिलो, संध्याकाळ होईपर्यंत, आणि कुणी तिला गप्प करायला गेलं नाही.